पाळकाला पाळक कोण?

नगरकडच्या ग्रामीण भागात सेवा करणाऱ्या एका तरुण पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, प्रश्न आहे. थोडक्यात असा: "चार गावांची मंडळी माझ्याकडे आहे. गेलं वर्षभर प्रार्थनेला बसलो की शब्द येत नाहीत. रविवारी उपदेश होतो, लोक चांगला झाला म्हणतात, पण माझ्या आत काही हलत नाही. दारात कुणी आलं की आधी राग येतो, मग त्या रागाबद्दल अपराधी वाटतं. मुलांवर ओरडतो. पत्नी म्हणते डॉक्टरांना दाखवू. एका वरिष्ठांनी उपास-प्रार्थना वाढवायला सांगितली. माझा विश्वास कमी पडतोय का? सेवा सोडावी का?"

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. नाही, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात पत्नी आहेत, मुलं आहेत, वरिष्ठ आहेत, चार गावांची मंडळी आहे. मित्र कुठेच नाही. ज्याच्यासमोर बसून "मला आता होत नाही" असं म्हणता येईल, असा एकही माणूस त्या पत्रात मला सापडला नाही. आधी मंडळी सांभाळण्यात आणि नंतर पाळकांचं, पाळकबाईंचं ऐकण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्यातून माझी खात्री झाली आहे की सेवकाचं मन कामाच्या ओझ्यानं जेवढं खचतं, त्याहून कितीतरी जास्त ते ओझं कुणाला सांगता येत नाही म्हणून खचतं. विश्रांतीबद्दल, घराबद्दल, औषधांबद्दल पुढे लिहितो. पण सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते हे, की तुम्हाला स्वतःला एक पाळक हवा आहे.

पवित्र शास्त्रातल्या 1 राजे 19 वर, संदेष्टा एलीयाच्या गोष्टीवर, आपण सगळ्यांनीच उपदेश केलेला असतो, आणि बहुतेक वेळा होरेब डोंगरावरच्या देवाच्या त्या मंद वाणीकडे घाईनं पोहोचलेलो असतो. मधल्या ओळी सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर देवाच्या विजयाचा एवढा मोठा दिवस पाहिल्यानंतर राणी ईजबेलीच्या एका निरोपानं एलीया जीव घेऊन पळतो. बैरशेबाला येतो, आपल्या चाकराला तिथेच ठेवतो आणि पुढे एकटाच रानात एका दिवसाची वाट चालून जातो. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो ते यानंतर. थकलेला सेवक नेहमी हेच करतो. सोबतच्या माणसाला मागे ठेवतो आणि मग एकटेपणानं मरायला टेकतो.

देव त्याला तिथे काय देतो? झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोधाचा एक शब्दही नाही. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवस चालून होरेबला पोहोचल्यावर. त्याला एलीया दोनदा एकच उत्तर देतो, जवळपास त्याच शब्दांत: मी एकटाच उरलो आहे. त्यावर देव त्याला तीन जणांना अभिषेक करायला पाठवतो आणि त्यातलं शेवटचं नाव अलीशाचं असतं. बाल दैवतापुढे न वाकलेल्या सात हजार गुडघ्यांची गोष्ट देव त्यानंतर सांगतो. अध्याय संपतो तेव्हा अलीशा नांगर सोडून एलीयाच्या मागे निघालेला असतो. पुढे एलीयाला वर नेण्याच्या दिवशी तो तीनदा म्हणतो, तू इथेच थांब, आणि तिन्ही वेळा अलीशा त्याला सोडायला नकार देतो. "मी एकटा" या तक्रारीला देवानं दिलेलं उत्तर म्हणजे एक जिवंत, हट्टी सोबती होता.

प्रेषित पौलाचंही तसंच. मासेदोनियात आलो तेव्हा शरीराला चैन नव्हतं, बाहेर भांडणं होती आणि आत भीती होती, असं तो करिंथकरांना मोकळेपणानं लिहितो. पुढच्याच ओळीत सांगतो, की दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवानं सोबती तीताच्या येण्यानं आमचं सांत्वन केलं. शेवटच्या पत्रात तीमथ्याला तो झगा आणायला सांगतो, पुस्तकं आणायला सांगतो, आणि हिवाळ्याआधी ये म्हणून विनवतो. आणि प्रभू येशूनं स्वतः गेथशेमाने बागेत पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना बरोबर घेऊन आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचं त्यांना सांगितलं. जागे राहा, माझ्याबरोबर राहा, असं म्हटलं. ते झोपले ही गोष्ट वेगळी. पण त्यानं मागितलं. तुम्ही कुणाकडे मागितलंत?

आता हा माणूस कुठे शोधायचा ते सांगतो. तो तुमच्या पास्टोरेट कमिटीतला (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतला) नसावा. तुमची बदली, बढती किंवा पगार ज्याच्या सहीवर अवलंबून आहे तो नसावा, मग तो कितीही प्रेमळ असो. वरिष्ठांना भेटलात हे चांगलं केलंत, पण वरिष्ठांसमोर माणूस नकळत आपली बाजू मांडत राहतो. तुम्ही ज्याला बाप्तिस्मा दिला किंवा ज्याचं लग्न लावलं, असाही तो नसावा. शक्यतो दुसऱ्या गावातला, दुसऱ्या चर्चचाही चालेल. निवृत्त पाळक असेल तर फारच उत्तम. आपल्याकडे सेवा संपलेल्या पाळकांना आपण नाताळच्या कार्यक्रमात हार घालतो आणि वर्षभर विसरतो. त्यांच्यापैकी कितीतरी जण ऐकायला आसुसलेले आहेत आणि त्यांना धक्का बसेल असं तुमच्याकडे काही नाही. सेमिनरीतला, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेतला, जुना सोबती असेल तर तोही चालेल, फक्त त्याच्याशी मंडळीच्या आकड्यांची चढाओढ नसावी.

महिन्यातून एकदा भेटा. तारीख ठरवून भेटा, कारण "कधीतरी बसू" म्हटलेली बैठक होत नाही. आल्याआल्या प्रार्थना करून विषय झाकू नका, प्रार्थना शेवटी करा. मंडळी कशी आहे हा प्रश्न बाजूला ठेवा. या महिन्यात राग कशाचा आला, कुणाच्या घरी जायचं टाळलं, कुठे रडू आलं आणि दाबलं, झोप कशी आहे, घरी कुणाशी बोलणं तुटलं आहे, असं बोला. लोकांची नावं घेऊ नका, म्हणजे विश्वासानं तुम्हाला सांगितलेलं बाहेर जाणार नाही आणि बोलणं चहाडीकडे वळणार नाही. पहिल्या दोन भेटींत फारसं काही निघणार नाही. तरी जात राहा.

एक अवघड गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. ज्या सेवकाचं ऐकायला कुणी नसतं, त्याचं मन समुपदेशनाला येणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडे ओढलं जाऊ लागतं. ती व्यक्ती आपल्याला समजून घेते असं वाटू लागतं. तिच्या फोनची वाट पाहणं, भेटीची गोष्ट घरी न सांगणं, उशिरापर्यंत मेसेज करणं, ही त्याची चिन्हं आहेत. रात्री मोबाईलवर अश्लील गोष्टी पाहण्याची सवयही याच रिकामेपणात शिरते. यातलं काही असेल तर त्याच महिन्याच्या भेटीत, त्याच माणसाला सांगा. सुरुवातीला सांगितलं तर थांबता येतं. उशीर झाला तर विश्वासानं तुमच्याकडे आलेल्या माणसाचं नुकसान होतं, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी पाळकाची असते.

मरणांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारतो. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत तुम्ही सेवेत होता का? त्या दिवसांत आपल्या पाळकांनी जे दफनविधी केले ते आठवले की आजही माझं मन भरून येतं. कबरस्तानात चार माणसं, अंगात पीपीई किट, पेटी उघडायची नाही, घरच्यांना जवळ घ्यायचं नाही. संध्याकाळी आणखी एक फोन. त्या वेळी रडायला उसंत नव्हती आणि नंतर कुणी रडायला सांगितलं नाही. कोविड सोडून द्या, एरवीही ग्रामीण पाळक वर्षभर मरणाच्या शेजारी उभा असतो. हायवेवर मोटारसायकलचा अपघात, विहिरीत सापडलेली सून, कर्जानं खचलेला बाप, बाळंतपणात गेलेलं मूल. दुपारी दफनविधी, संध्याकाळी वाढदिवसाची उपकारस्तुती, आणि दोन्हीकडे आपला चेहरा त्या त्या घराला साजेसा. मनाला एवढ्या झटपट वळण घेता येत नाही. ते एक सोपी वाट धरते: काहीच जाणवू द्यायचं नाही. "आत काही हलत नाही" असं तुम्ही लिहिलंत त्याचं मूळ मला इथे दिसतं. दुःख वाटणं बंद केलं की आनंद वाटणंही त्याच्याबरोबर बंद होतं, प्रार्थनाही कोरडी होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून एक करा. एक वही घ्या. ज्यांना तुम्ही मातीत ठेवलंत त्यांची आठवतील तेवढी नावं लिहा, तारीख आठवत नसेल तर सुमारे लिहा. प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय झालं होतं. मंडळीला काय झालं ते नको, तुम्हाला काय झालं ते. एका बैठकीत संपवू नका. एखाद्या नावाशी हात थांबला तर थांबू द्या. ही वही त्या ऐकणाऱ्या माणसाकडे घेऊन जा. दोन नोव्हेंबरला कबरी सजवण्याची रीत ज्या मंडळ्यांत आहे, तिथल्या पाळकांना मी सांगतो, की त्या दिवशी विधी आटोपला की सगळे गेल्यावर थोडा वेळ स्वतःसाठी थांबा. आणि यापुढे दफनविधीनंतर थेट दुसऱ्या कार्यक्रमाला जाऊ नका. अर्धा तास का होईना, मध्ये ठेवा. घरी जाऊन आंघोळ करा, शेताच्या बांधावरून चालून या.

प्रार्थनेत शब्द येत नाहीत तेव्हा उसने घ्या. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतकी का आहेत याचा विचार करा. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून म्हटलेलं आहे. रोज सकाळी तेच म्हणा आणि उठा. काही महिने एवढीच प्रार्थना झाली तरी ती प्रार्थनाच आहे.

विश्रांतीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते तुम्हाला माहीत आहे, फक्त तुम्ही करत नाही. मोशेचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतो आहे हे त्यानं पाहिलं आणि सांगितलं, की तूही झिजून जाशील आणि हे लोकही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसं नेमायला लावली. चार गावं एकट्यानं सांभाळणं म्हणजे चार गावांतल्या वडील मंडळींना काम न देणं. प्रत्येक गावात आजाऱ्यांच्या भेटीला जाणारी दोन माणसं तयार करा, महिला मंडळातल्या बायका हे काम आपल्याहून चांगलं करतात. आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवा आणि तो उपासनेत जाहीर करा. बहुतेक जण सोमवार घेतात. रविवारी तीन-चार ठिकाणी उभं राहिल्यावर सोमवारी शरीर आणि मन दोन्ही खाली गेलेले असतात, त्यामुळे तो दिवस झोपेला आणि चालण्याला बरा. पण सोमवारी कोणताही निर्णय घेऊ नका, कुणाला खरमरीत मेसेज लिहू नका. राजीनामा तर नाहीच.

फोन रात्री नऊनंतर बंद. "कुणी मरणाच्या दारात असेल तर?" असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी कमिटीतल्या एका जबाबदार माणसाचा नंबर मंडळीला द्या. खरीच वेळ आली तर तो तुमच्या दारावर थाप मारेल. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता येणाऱ्या प्रार्थनाविनंत्या सकाळी सहा वाजताही देवासमोर ठेवता येतात.

घराबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल. पाळकाचा बंगला चर्चच्या आवारात असतो. म्हणजे घराला दार आहे, पण ते मंडळीचं दार आहे. कपडे कुठे वाळत घातले इथपासून भाजीत काय केलं इथपर्यंत सगळं लोकांना दिसतं. पाळकबाईंनी महिला मंडळ चालवायचं, संडे स्कूल घ्यायचं, आल्यागेल्याला चहा करायचा, यातल्या कशाचा पगार नाही आणि कशाला नकार नाही. मुलांनी काही केलं की "पाळकाची मुलं असून!" हे वाक्य ठरलेलं. तुमच्या थकव्याची झळ आधी घरात लागली आहे. मुलांवर ओरडतो हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

मिशनरी विल्यम केरी यांचं नाव आपण आदरानं घेतो. 1805 मध्ये त्यांचं मराठी व्याकरण बंगालमधल्या सेरामपूरहून निघालं आणि 1811 मध्ये मराठी नवा करार. पण त्यांच्या पत्नी डॉरोथी यांचं काय झालं हे आपण मंडळीत क्वचितच सांगतो. 1793 मध्ये त्या मनाविरुद्ध, तान्ह्या बाळासह इथे आल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशानं गेला. त्यानंतर त्यांचं मन जे बिघडलं ते सावरलं नाही. 1807 मध्ये त्या वारल्या. तोवर बरीच वर्षं त्यांना खोलीत बंदिस्त ठेवावं लागत होतं आणि त्याच घरात भाषांतराचं काम चालू होतं. केरींच्या काळात उपचार नव्हते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. आज उपचार आहेत, समज आहे. म्हणून तुमच्या पत्नीला तिचं स्वतःचं विचारा. डॉक्टरांकडे जाऊ म्हणणारी ती, तिला किती महिने झोप नाही? तिलाही तुमच्याव्यतिरिक्त एक ऐकणारी बाई हवी, शक्यतो दुसऱ्या गावातली पाळकबाई. आणि तुमचं सगळं ऐकण्याचं काम एकट्या पत्नीवर टाकू नका. ज्या मंडळीतल्या माणसांनी तुम्हाला दुखावलं, त्यांनाच तिला रविवारी हसून सलाम करायचा असतो.

आठवड्यातलं एक जेवण असं ठेवा, की त्या वेळी मंडळीचा विषय काढायचा नाही. मुलांना त्यांच्या शाळेबद्दल बोलू द्या.

मंडळीतल्या गटांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण पाळकांच्या मनाला सर्वांत खोल जखमा तिथे होतात हे मला माहीत आहे. निवडणुका, जागेचे वाद, कोर्टातले दावे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून होणारे आग्रह. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवलं. त्यामुळे कितीतरी कुटुंबं कागदावर एक आणि मंडळीत एक अशी जगतात, आणि त्यांची ती घुसमट शेवटी पाळकाच्या कानात येऊन पडते. काही ठिकाणी घरगुती प्रार्थनासभांना विरोध होतो, पोलिसांत अर्ज जातात. हे सगळं तुम्ही एकट्यानं सोडवायचं नाही. कोणता प्रश्न तुमच्या हातात आहे आणि कोणता डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या), वकिलाच्या किंवा समाजाच्या हातात आहे, हे त्या महिन्याच्या भेटीत वेगळं करा. स्वतंत्र मंडळी चालवणाऱ्या पास्टरांना तर बदली नाही, पेन्शन नाही आणि वर विचारायला कुणी नाही. तुम्हाला निदान एक रचना आहे, तिचा उपयोग करा.

आता डॉक्टरांबद्दल. पत्नीचं म्हणणं ऐका, याच आठवड्यात वेळ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. ती कामातून येणारी अवस्था म्हणून आहे, आजार म्हणून नाही. तिच्या खुणा तीन: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिल्या दोन तुमच्या पत्रात स्पष्ट आहेत. नैराश्य हा मात्र आजार आहे. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, असं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं असेल, त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, स्वतःबद्दल सतत अपराधी वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तपासणी हवीच. मी एक साधा प्रश्न विचारतो. मंडळीपासून दूर, आईच्या घरी किंवा भावाच्या शेतावर चार दिवस गेलात तर मन हलकं होतं का? होत असेल तर थकवा मुख्यतः सेवेतला आहे. तिथेही सगळं तसंच राखाडी वाटत असेल तर नैराश्याची शंका घ्यावी. अर्थात निदान डॉक्टरच करतील.

आधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-12 तपासून घ्या. यांतल्या बिघाडानंही माणूस गळून जातो आणि चिडचिडा होतो. पुढे गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येईल. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्यांची नशा होत नाही, पण बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करू नयेत. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा होण्याचा विचार मनात आला असेल, एकदाही आला असेल, तर आजच रात्री पत्नीला सांगा आणि या क्रमांकावर फोन करा. असा विचार येणं हे पाप आहे म्हणून लपवू नका. एलीयाला आला, योनाला आला, आणि यिर्मयानं तर आपल्या जन्माचा दिवस शापला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानलं आहे. त्याच कायद्यानं मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारासारखाच विमा देणं विमा कंपन्यांना बंधनकारक केलं. डायोसिसचा गट विमा असेल तर त्याचे कागद पाहा.

उपास वाढवण्याच्या सल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या अवस्थेत करू नका. वरिष्ठांनी प्रेमानंच सांगितलं असेल. पण खचलेल्या एलीयाला देवदूतानं भाकर खाऊ घातली, आणि तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर पौलानं पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सुचवलं. वरिष्ठांना हेच वचन दाखवून नम्रपणे सांगता येईल. शरीर अशक्त असताना उपास केला की झोप आणखी उडते, चिडचिड वाढते, आणि मग "उपास करूनही काही झालं नाही" हे नवं दुःख पदरी पडतं.

सेवा सोडावी का, हे आत्ता ठरवू नका. थकलेल्या मनाला प्रत्येक रस्ता बंदच दिसतो. उपचार आणि विश्रांती मिळून काही महिने गेले की मग त्या ऐकणाऱ्या माणसाबरोबर बसून विचार करा. तेव्हाही पद सोडणं आणि पाचारण सोडणं यांत फरक करा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताची सेवा त्यांनी सोडली नाही, तिची रीत बदलली. तुमच्याही वाट्याला शिकवणं, रुग्णालयातली सेवा किंवा लहान मंडळी असं काही असू शकेल. आणि पुन्हा हीच चार गावं, नव्या मनानं, असंही असू शकेल.

आत्ता मागायची आहे ती रजा. डॉक्टरांचं पत्र जोडून एक महिन्याची मागा. नाताळ झाल्यावर जानेवारीत निघालात तर बरं, कारण तुमच्या भागातली बरीच कुटुंबं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात आणि उपासकाळ सुरू होणाऱ्या भस्म बुधवारला अवकाश असतो. पण डॉक्टर लगेच घ्या म्हणाले तर नाताळसाठी थांबू नका, शेजारच्या पास्टोरेटचे पाळक उपासना घेतील. कमिटीला सगळा तपशील सांगायची गरज नाही. "प्रकृती बरी नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, प्रार्थना करा" एवढं पुरे. रजेत मुख्यालयी राहू नका, आवारात राहिलात तर ती रजा होणार नाही. पहिल्या आठवड्यात पवित्र शास्त्र उपदेशाच्या तयारीसाठी उघडू नका. रविवारी अशा चर्चमध्ये जा, जिथे तुम्हाला कुणी पुढे बोलावणार नाही, आणि मागच्या बाकावर कुटुंबाबरोबर बसा. परत आल्यावर चारही गावं एकदम हाती घेऊ नका. सुरुवातीचे काही रविवार एकाच गावात उपासना घ्या, बाकी ठिकाणी वडील मंडळींनी ती चालवली असेल तर त्यांनाच काही काळ चालवू द्या.